बरण्या, शंख आणि ओहोटी : एका शाळेच्या प्राणी-कपाटाच्या नोंदी

शनिवार, ४ जानेवारी २०२५

कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेत प्राण्यांच्या बरण्यांचं सागवानी कपाट आहे. त्यातले समुद्रातले, कणा नसलेले प्राणी वेगळे काढायचे, नासलेलं द्रावण बदलायचं, लेबलं नव्यानं लिहायची आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी मुलांसमोर मांडायचे. जीवशास्त्राच्या बाई प्रमुख, मी मदतनीस. माझी नोकरी नंदेसरीत रसायनांत गेली, त्यामुळे द्रावणं माझ्याकडे आणि प्राणी बाईंकडे अशी वाटणी झाली.

आज नुसती पाहणी. स्पंज, प्रवाळाचे तुकडे, जेलीफिश, नेरीस नावाचा कृमी, खेकडे, शेवंड, माकुल, ऑक्टोपस, तारामासे, सागरी साळिंदर, समुद्री काकडी. खालच्या खणात सुटे शंख-शिंपले. अभ्यासक्रमात जे जे यायचं ते बहुतेक सगळं आहे. काही बरण्यांत द्रावण निम्म्यावर आलंय, दोन तर कोरड्या ठणठणीत.

बाईंनी नवं रजिस्टर आखलं : काय, कुठून, केव्हा, कोणी आणलं. पहिला रकाना भराभर भरला. बाकीचे तीन जवळजवळ रिकामे राहिले. जुन्या लेबलांवर फक्त प्राण्याचं नाव आणि संघ, म्हणजे वर्गीकरणातला मोठा गट. मोजक्या बरण्यांवर झरणीच्या शाईनं ‘ओखा’ एवढं लिहिलेलं. बाई वैतागल्या. त्यांचं म्हणणं, तारामासा आहे हे पोरंही डोळ्यांनी बघतात, तो कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या महिन्यात सापडला हे लिहिलेलं नसेल तर ती शोकेसमधली शोभेची वस्तू. पटलं. या कामात ‘कुठून’ हाच रकाना महत्त्वाचा धरायचा असं ठरलं.

मंगळवार, ७ जानेवारी

पीएच पट्ट्या घेऊन गेलो. बहुतेक बरण्यांत फॉर्मेलिन आहे आणि ते चांगलंच आंबट झालंय. पट्टी ४ च्या आसपास दाखवते. फॉर्मेलिन वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं. मऊ प्राण्यांना त्याचा फारसा त्रास नाही. पण किनाऱ्यावरच्या निम्म्या प्राण्यांचं अंग कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, आणि आम्ल ते सावकाश खात बसतं.

परिणाम समोर होता. साळिंदराचे काटे तळाशी भुकटी होऊन पडलेले. खेकड्याचं कवच बोटानं दाबलं तर भिजलेल्या पापडासारखं वाकलं. भंगुरताऱ्याचे (तारामाशाचा बारीक हातांचा नातलग) पाचही हात मणके सुटल्यासारखे तुटलेले, मधली चकती तेवढी शाबूत. जेलीफिश, नेरीस आणि ऑक्टोपस मात्र ठणठणीत, कारण त्यांच्यात विरघळण्यासारखं काही नाहीच.

निर्णय : मऊ प्राणी फॉर्मेलिनमध्येच ठेवायचे, फक्त नवं १० टक्के द्रावण करून त्यात चिमूटभर टाकणखार घालायचा, म्हणजे आम्ल मारलं जाईल. कवचवाले आणि कंटकचर्मी (तारामासा, साळिंदर यांचा गट) सगळे अल्कोहोलमध्ये.

इथे गुजरात आडवा येतो. शुद्ध अल्कोहोलचा परवाना नशाबंदी खात्याकडून काढावा लागतो. प्रयोगशाळांना मिळतो, पण कागदपत्रं बघता विज्ञान दिन उलटून जाईल. बाईंना म्हटलं, दारूबंदी आयसोप्रोपिल या दुसऱ्या अल्कोहोलला लागू नाही. कारखान्यांत ड्रमनं वापरतात, मकरपुऱ्याच्या दुकानांत कॅननं मिळतं, आणि नमुने टिकवायला ५०–६० टक्क्यांचं आयसोप्रोपिल चालतं. प्यायलं तर विषच, त्यामुळे चोरीचीही भीती नाही.

शनिवार, ११ जानेवारी

बरण्या उपसल्या. खिडक्या सताड उघड्या, पंखा पाठीमागून, हातमोजे, चष्मा. फॉर्मेलिनमधलं फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक मानलं जातं, त्यामुळे मुलांना या टप्प्यावर दारातच थांबवलं. नववीतली एक मुलगी दारातूनच सांगत होती, “काका, डोळे चुरचुरतात.” मग आणखी मागे पाठवली.

नमुना फॉर्मेलिनमधून काढून थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर आकसतो. आधी रात्रभर पाण्यात, मग ३० टक्के, मग ५०. तारामाशाला पाण्यात ठेवल्यावर खालच्या बाजूच्या पाच खोबणी नीट दिसायला लागल्या. प्रत्येक खोबणीत दोन्हीकडे नळीपायांच्या रांगा, टोकं चपटी. जिवंतपणी हे पाय स्नायूंबरोबर पाण्याच्या दाबावर चालतात. पाठीवर जरा बाजूला एक बारीक चकती असते. बाईंनी भिंग धरून दाखवली, तिच्यातून पाणी आतल्या नळ्यांच्या जाळ्यात जातं. पुस्तकात ही आकृती मी शाळेत काढली होती, खरी चकती आज पहिल्यांदा बघितली.

लेबल बरणीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलीनं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि बाहेरचं डिंकाचं लेबल झुरळं खातात.

मंगळवार, १४ जानेवारी

उत्तरायण. उद्या वासी उत्तरायण. दोन दिवस या शहरात कुणी गच्चीवरून खाली उतरत नाही. काम बंद.

शनिवार, १८ जानेवारी

खालचा खण. शंख-शिंपल्यांवर पांढरी बुरशी आली म्हणून शिपाईभाई ते पुसून काढत होते. पुसून दोन दिवसांत परत येत होती. नाक जवळ नेलं तर व्हिनेगरचा वास. ही बुरशी नाही. लाकडातून, विशेषतः बंद कपाटात आणि दमट हवेत, ॲसिटिक आम्लाची वाफ सुटते आणि ती शिंपल्याच्या चुन्याशी लागून पांढरे क्षार तयार होतात. १८९९ मध्ये बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकानं याचं वर्णन केलं. त्याला वाटलं हे जंतूंमुळे होतं. नाव त्याचंच चिकटलं, बाइनचा रोग. उपाय साधा : पाण्यात भिजवून क्षार काढायचे, पूर्ण वाळवायचे आणि परत लाकडात ठेवायचं नाही. प्लास्टिकचे डबे आणले. सागवानी कपाट दिसायला देखणं आहे, पण शंखांसाठी वैरी.

या खणात दोन गंमतशीर गोष्टी निघाल्या. एका शिंपल्यावर चिकटलेले बारीक पांढरे बुरूज, जुनं लेबल : मृदुकाय, म्हणजे शंख-शिंपल्यांचा गट. ते बार्नेकल आहेत, म्हणजे कोळंबी-खेकड्यांचे नातलग. प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनीयसनंही त्यांना शिंपल्यांतच घातलं होतं. १८३० मध्ये थॉम्प्सननं त्यांच्या पोहणाऱ्या पिल्लांची माहिती छापली तेव्हा ते कवचधारी संधिपाद असल्याचं कळलं. पुढे डार्विननं या प्राण्यावर आठ वर्षं घालवली. तेव्हा आपल्या शाळेतल्या कुणा मास्तरांना दोष नको.

दुसरा, वाळलेला नालखेकडा, तलवारीसारखी सरळ, टोकदार शेपटी असलेला. हा खेकडा नाहीच, विंचू-कोळ्यांच्या जवळचा. भारतात तो ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर असतो, आपल्याकडे पश्चिमेला नाही. म्हणजे कुणीतरी पुरी-चांदीपूरच्या बाजूला गेलेल्यानं आणलेला. बाईंनी ‘कुठून’ रकान्यात ‘पूर्व किनारा’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

रविवार, १९ जानेवारी

मुलांना जवळचा समुद्र दाखवायला कंबोईला. भरुच जिल्ह्यात जंबुसरच्या पुढे, खंभातच्या आखातावर. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीला पाण्यात जातं, ओहोटीला वर येतं, त्यामुळे भरती-ओहोटीचं वेळापत्रक देवळातच मिळतं. या आखातात उधाणाला पाणी दहा मीटरच्या वर चढतं-उतरतं. जगात मोजक्या ठिकाणी एवढी भरती येते.

आणि तरी मुलं निराश झाली, कारण दिसला तो चिखल. ना शंख, ना तारामासा. बाईंनी याचाच धडा केला. नद्यांचा गाळ आणि धावतं पाणी, यामुळे उजेड तळापर्यंत पोचत नाही, चिकटून बसायला खडक नाही. मग प्रवाळ, स्पंज, समुद्रफूल कुठून येणार? चिखलात जगू शकणारे थोडेच, पण जे आहेत ते हजारांनी. काठावर उभं राहून पाच मिनिटं हललो नाही, तर बिळांतून बारीक खेकडे बाहेर आले. नराचा एक चिमटा अंगाएवढा मोठा, तो वर-खाली हलवत राहतो. लहान चिमट्यानं चिखल तोंडात, त्यातलं खाण्याजोगं काढून घ्यायचं, उरलेला गोळा करून बाजूला. बिळाभोवती अशा गोळ्यांचा सडा. मादीचे दोन्ही चिमटे लहान, त्यामुळे तिचं जेवण दुप्पट वेगानं. मुली खूश.

मधून मधून निवट्या उड्या मारत होत्या. त्या मासे, आपल्या यादीत नाहीत. कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमासाही नाही, हे एका चौथीतल्याला दोनदा सांगावं लागलं. तिथे सगळा कणाच टांगलाय, त्यानंच उलट विचारलं, “मग तो तर सगळ्यात जास्त कण्याचा ना?” बरोबर.

गुरुवार, २३ जानेवारी

‘ओखा’च्या बरण्यांचा विचार डोक्यातून जात नव्हता. इतक्या लांबचं ओखाच का? मुंबई जवळ, सुरत जवळ. मग आठवलं, ओखामंडळ बडोदा संस्थानातच होतं. गायकवाडांचा मुलूख सलग नव्हता, तुकडे तुकडे विखुरलेले, आणि त्यातला एक तुकडा थेट द्वारकेच्या टोकाला. म्हणजे बडोद्याच्या शाळेला तो आपला समुद्र.

एवढंच नाही. सयाजीराव महाराजांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून ओखामंडळच्या समुद्री प्राण्यांची पाहणी करून घेतली. अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये, दुसरा १९१६ मध्ये छापला गेला. हॉर्नेल सिलोनच्या मोत्यांच्या शिंपल्यांवर काम केलेला माणूस. संस्थानाला पाहायचं होतं की मोती आणि शंख यांतून उत्पन्न निघतं का. पण अहवाल निव्वळ उत्पन्नावर थांबला नाही. स्पंज, कृमी, कंटकचर्मी, जे सापडलं ते वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे पाठवून त्यावर प्रकरणं लिहून घेतली. जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवलेल्या संकेतस्थळांवर हा अहवाल मिळतो; बाई रात्री तेवढंच वाचत बसतात.

आपल्या बरण्या त्या काळातल्या असतील असं म्हणायला काही आधार नाही, काच तेवढी जुनी वाटत नाही. तरी ‘कुठून’ रकान्यात ‘ओखा’ लिहिताना बाईंनी कंसात ‘पूर्वी बडोदा संस्थान’ असं घातलंच. मी काही बोललो नाही. बडोदेकराला एवढा अभिमान चालतो.

शनिवार, २५ जानेवारी

प्रदर्शनाची बातमी शहरातल्या वाडी भागापर्यंत पोचलीय. एक आजी नातवाला घेऊन आल्या, हातात रेशमी कापडात गुंडाळलेला शंख. “भाऊ, आमच्या देवघरातला दक्षिणावर्ती आहे. मुलांना लांबून दाखवा, हात लावू देऊ नका.”

पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. ओखामंडळ, तमिळनाडू, केरळ इथे सापडतो. द्वारकेजवळ नागेश्वरला हडप्पाकाळातली शंखकामाची वस्ती निघाली, तिचं उत्खनन आपल्याच सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं केलं. तिथे याच शंखाच्या बांगड्या आडव्या कापून काढत, आणि दुसऱ्या एका काटेरी शंखाचे डाव, म्हणजे पळ्या, बनवत. या जातीत उलट्या वळणाचा, म्हणजे दक्षिणावर्ती, शंख फार म्हणजे फारच दुर्मीळ, म्हणून त्याला एवढी किंमत.

बाईंनी कापड दूर केलं, शंख उजेडाकडे धरला आणि मुखाच्या आत पाहिलं. मग मला दिला. टर्बिनेलाच्या मधल्या खांबावर तीन-चार आडव्या वळ्या असतात, बोटाला स्पष्ट लागतात. इथे खांब गुळगुळीत. वजनालाही हलका, अंगावर तपकिरी उभ्या रेषांची पुसट नक्षी. हा अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरचा लायटनिंग व्हेल्क. त्या जातीत सगळेच शंख उलट्या वळणाचे, दुर्मीळ वगैरे काही नाही. बाजारात दक्षिणावर्ती म्हणून हाच खपतो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आजींना विचारलं, कुठून आला? “यजमानांनी सत्तर साली आणला. अंगारकीला.” बाई म्हणाल्या, “फार लांबून आलेला शंख आहे आजी, समुद्र ओलांडून.” आजी प्रसन्न झाल्या. रजिस्टरमध्ये पूर्ण नाव, खांबावर वळ्या नाहीत, मूळ प्रदेश, सगळं लिहिलं. प्रदर्शनात मात्र तो मांडायचा नाही असं ठरलं. तिथे लेबल लावावं लागलं असतं. खोटं लेबल नको आणि खरं लेबल आजींच्या समोर नको.

शनिवार, १ फेब्रुवारी

नरारा. काल सौराष्ट्र मेलनं जामनगर, आज पहाटे जीपनं साठेक किलोमीटर. बुधवारची अमावास्या, म्हणून ओहोटी मोठी. कच्छच्या आखाताचा हा भाग सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो. अभयारण्य १९८० मध्ये झालं, राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये, देशातलं पहिलं. वनखात्याचा परवाना, ओळखपत्र, जाड तळाचे बूट. काहीही उचलून न्यायचं नाही. समुद्री काकड्या आणि खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, त्यामुळे कपाटात नवी भर फोटोंचीच पडणार.

पाणी मागे हटलं तसा खडकाळ तळ उघडा पडला. शाळेतलं प्रवाळ पांढरंशुभ्र, इथलं तपकिरी, हिरवट, कधी पिवळसर. पांढरा तो नुसता सांगाडा. रंग असतो जिवंत प्राण्याच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा. ती उन्हावर अन्न बनवतात आणि प्रवाळाला देतात. उघड्यावर पडलेल्या गोट्यांवर चिकट थर दिसला, वाळू नये म्हणून प्रवाळानंच सोडलेला. फांद्यांचं प्रवाळ शोधत राहिलो. वाटाड्या म्हणाला, मिळणार नाही, या आखातात गाळ फार, टिकतात ते गोल आणि पसरट. पूर्वी सिमेंटसाठी इथली प्रवाळी वाळू उपसत, तेही एक कारण.

एका डबक्यात पंखाकृमी. वाळूतून वर आलेली चामड्यासारखी नळी, तिच्या तोंडाशी तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा पिसारा. त्या पिसाऱ्यानं तो श्वासही घेतो आणि पाण्यातले कणही गाळतो. माझ्या हाताची सावली पडली आणि पिसारा नाहीसा, नळी तेवढी उरली. सावली काढून वाट पाहिली. आधी टोक, मग अर्धा, मग हळूहळू सगळा उलगडला. आपल्या बरणीत याचा नातलग नेरीस आहे, पोहताना वाकलेला, कायमचा. पंखाकृमीची बरणी असती तर तिच्यात आक्रसलेली नळीच दिसली असती.

जवळच एक खेकडा मेलेला दिसला. बाईंनी वाकून पाहिलं, कवच मागच्या कडेनं उघडलेलं, आत पोकळ, डोळ्यांच्या देठांचं आणि कल्ल्यांचंसुद्धा पातळ अस्तर शाबूत. कात. मालक मऊ अंगानं कुठल्यातरी दगडाखाली लपला असणार, दगड उलटून पाहिला नाही.

दोन-तीन कुटुंबं पर्यटनाला आली होती. समुद्रफुलाला काठी लावून ते मिटतं का बघत होती. बाईंनी त्यातल्या एका मुलाला जवळ बोलावलं आणि पिसारा दाखवला. काठी खाली पडली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

फोटो छापायला दिले. प्रत्येक बरणीमागे तोच प्राणी जिवंत, जिथे मिळाला तिथे. ‘जेलीफिश’ लेबलाच्या बरणीत दोन वेगळे प्राणी निघाले. निळसर फुग्याचा तो फायसेलिया, ब्लू बॉटल. पावसाळ्यात मुंबईच्या आणि गुजरातच्या किनाऱ्यांवर वाहून येतो. तो एक प्राणी नाही, अनेकांची वसाहत : फुगा एकाचा, शिकार करणारे दुसरे, पचवणारे तिसरे. किनाऱ्यावर मेलेला पडला तरी धागे डसतात, हे लेबलावर ठळक घातलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

लेबलं मराठी आणि गुजराती, खाली शास्त्रीय नाव देवनागरीत. समुद्री काकडीच्या लेबलावर बाईंनी लिहिलं की ती गुदद्वारावाटे पाणी ओढून श्वास घेते आणि संकट आलं की आतडी बाहेर टाकते, ती पुन्हा उगवतात. शाळेतून सुचवलं गेलं की हे वाक्य सौम्य करा. बाईंनी केलं नाही.

माकुलाच्या बरणीशेजारी समुद्रफेनाचा तुकडा ठेवला. मंगळ बाजारातल्या गांधीकडे, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्याकडे, औषध म्हणून मिळतो. तो फेस नाही. माकुलाचं अंगातलं कवच. आतल्या बारीक कप्प्यांत वायू-पाण्याचं प्रमाण बदलून प्राणी वर-खाली होतो.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

गर्दी. सगळ्यात जास्त वेळ मुलं भंगुरताऱ्याच्या तुटलेल्या हातांपाशी थांबली, त्याच्याशेजारी जुनं आंबट फॉर्मेलिन आणि पीएच पट्टी ठेवली होती. साळिंदराचे काटे भुकटी का झाले हे सातवीतलं पोरगं आईला समजावत होतं, जवळजवळ बरोबर.

रजिस्टरही उघडं मांडलं होतं. ‘कुठून’ रकान्यातले रिकामे चौकोन बघून एक जुने विद्यार्थी थांबले. वय सत्तरीच्या पुढे. म्हणाले, शेवंडाची बरणी आमच्या सहलीतली, वेरावळची, मी हातात धरून बसलो होतो गाडीत. वर्ष आठवलं नाही; पण सहलीच्या आधल्या मे महिन्यात गुजरात वेगळं झालं होतं, एवढं आठवलं. बाईंनी लिहिलं : वेरावळ, १९६०–६१. कोणी आणलं या रकान्यात त्यांचं नाव.

सोमवार, ३ मार्च

उरलेली कामं : नशाबंदी खात्याच्या परवान्याचा अर्ज. आयसोप्रोपिलमधल्या नमुन्यांची सहा महिन्यांनी तपासणी. जुन्या विद्यार्थ्यांना रजिस्टर दाखवण्यासाठी दर महिन्याचा पहिला शनिवार. कोरड्या पडलेल्या दोन बरण्यांपैकी एकीत स्पंज निघाला, दुसरीत काय होतं ते अजून ठरत नाही. बाईंनी ती विद्यापीठात दाखवायला नेली आहे.